मार्क्याची बोलकी नियमवही

आकाशवाणीची सकाळची सभा सुरू होण्याआधी वाजणारी ती धून आठवून पहा. तंबोऱ्याच्या सुरावर हळूच चढत जाणारे व्हायोलिन. निवेदकाने तोंड उघडण्यापूर्वीच ऐकणाऱ्याला कळे, की आपण कुठल्या घरी आलो आहोत. ही धून बांधणारा वॉल्टर कॉफमन हा मूळचा युरोपातला ज्यू संगीतकार. हिटलरच्या छायेतून निघून तो १९३४ साली मुंबईस आला आणि पुढे मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहू लागला. आता अशी कल्पना करा, की नागपूर केंद्राने त्या जागी एक दिवस बासरी लावली, पुण्याने सनई लावली, आणि कोणा हौशी अधिकाऱ्याने मध्येच तबला घातला. ऐकायला कदाचित वाईट वाटले नसते. पण ओळख पटली नसती. धून चांगली होती हे तर खरेच, पण ती कोणी बदलली नाही म्हणून ती आपली झाली.

बाजारात ज्याला आपण ‘मार्का’ किंवा ‘छाप’ म्हणतो, त्याचेही असेच आहे. भंडारा म्हटले की जुन्या माणसांना पितळेची भांडी आठवतात, आणि भांड्याच्या बुडाशी ठोकलेले कारागिराचे नावही आठवते. बिडीच्या कट्ट्यावरचा रंगीत कागद, तांदळाच्या पोत्यावरचे चित्र, हे सगळे मार्केच. वाचता न येणारा माणूस चित्रावरून माल ओळखतो. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत तर प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी होती आणि तिच्यावर त्याचे चिन्ह लावलेले होते. मतदाराने चिन्ह ओळखायचे आणि त्या पेटीत मत टाकायचे. तेव्हा चित्र सगळीकडे एकसारखे असणे ही काही केवळ शोभेची बाब नव्हे.

पण एकसारखे ठेवायचे कसे? मार्का एक माणूस काढतो आणि वापरतात शंभर जण. छापखानेवाला, पेंटर, शिवणारी बाई, बिल लिहिणारा मुलगा, प्रत्येकाचा हात वेगळा. म्हणून मार्क्यासोबत एक नियमवही करावी लागते. मार्क्याचे माप काय, रंग कोणता, अक्षर कोणते, भोवती किती जागा मोकळी सोडायची आणि काय करायचे नाही, हे त्या वहीत लिहिलेले असते. जर्मनीतील एईजी या विजेच्या सामानाच्या कंपनीने १९०७ साली पीटर बेरेन्स याला नेमले. त्याने कंपनीचे चिन्ह, जाहिराती, किटल्या, दिवे, इतकेच काय कारखान्याची इमारतसुद्धा एका वळणात आणली. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर तालुक्याच्या गावी स्टेट बँकेची पाटी पहा. निळे वर्तुळ, मध्ये पांढरा ठिपका आणि खाली उतरणारी फट. ते चिन्ह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी १९७१ साली दिले. तुमसरची शाखा असो की तिरुवनंतपुरमची, वर्तुळ तेच.

तरी नियमवही छापली म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. न्यूयॉर्क शहराच्या भुयारी रेल्वेचा एक किस्सा डिझाइन शिकणाऱ्या मुलांना हमखास सांगतात. साठच्या दशकात मासिमो व्हिन्येली आणि बॉब नूर्डा या जाणत्या मंडळींनी तिथल्या पाट्यांचे आराखडे करून दिले. पाटी ज्या लोखंडी पट्टीला टांगायची, ती पट्टी त्यांनी आराखड्यात वरच्या कडेला काळ्या रेघेने दाखवली होती. पाट्या रंगवणाऱ्या कारखान्यातल्या लोकांना ती रेघ नक्षीचाच भाग वाटली आणि त्यांनी ती इमानेइतबारे रंगवून टाकली. पुढे तीच रूढ झाली, आणि आजही त्या पाट्यांवर वरून एक रेघ गेलेली दिसते. यात पेंटरचा दोष काय? त्याने कागदाकडे पाहिले. कागद काही बोलला नाही.

नेमकी हीच अडचण आता मोबाइलच्या काळात दूर करता येण्यासारखी आहे. नियमवही कागदावर न छापता इंटरनेटच्या पानावर करायची, आणि तीही अशी की वापरणाऱ्याने विचारावे आणि वहीने उत्तर द्यावे. डिझाइनच्या शाळांत हल्ली हा अभ्यासाचा विषय झाला आहे. मी तिला बोलकी नियमवही म्हणतो. ती कशी करावी आणि कशी करू नये, हे मला एका माजी विद्यार्थिनीमुळे जवळून पाहायला मिळाले.

ही मुलगी भंडाऱ्यात माझ्याकडे शिकली आणि मग बाहेर जाऊन डिझाइनच्या शिक्षणास लागली. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने आपल्याच जिल्ह्यातला विषय घेतला: कोसा विणणाऱ्यांच्या एका लहानशा गटासाठी मार्का आणि त्याची नियमवही. मोहाडी तालुक्यात आंधळगावच्या बाजूला कोशाची विणाई जुनी आहे, हे आपणा सर्वांस ठाऊक आहेच. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर अळ्या पाळायच्या, कोसे गोळा करायचे, त्यांचा धागा काढायचा आणि हातमागावर साडी विणायची. तिची शान म्हणजे करवती काठ. काठाचा रंग अंगाच्या रंगात करवतीच्या दात्यांसारखा शिरतो. त्यासाठी तीन धोटे चालवावे लागतात, दोन्ही काठांचे दोन आणि अंगाचा एक, आणि जिथे ते भेटतात तिथे धागा धाग्यात अडकवावा लागतो. हे काम वेळखाऊ आहे. म्हणूनच नुसते दाते छापलेले यंत्रमागाचे कापड स्वस्तात विकणाऱ्यांना त्याचा मोह पडतो, आणि म्हणूनच विणकराला स्वतःच्या मार्क्याची गरज पडते.

पहिली वही तिने झोकात केली. बोट लावले की करवतीचे दाते मागासारखे उघडत, रंग एकमेकांत विरघळत, मागे संगीत वाजे. मजकूर सगळा इंग्रजीत. परीक्षक खूश झाले. खरे सांगायचे तर मीही तिला शाबासकी दिली होती. मग मे महिन्याच्या उन्हात आम्ही ती वही घेऊन गावी गेलो. गटाच्या खोलीत एकच मोबाइल, तोही काच तडकलेला. पानाचे वजन चाळीस एमबी आणि रेंज येऊन जाऊन. पडद्यावर ते गोल चाक फिरत राहिले. वयाने सगळ्यांत मोठे असलेले विणकर काकाजी बराच वेळ शांतपणे पाहत होते. मग म्हणाले, “सर, हे चाक तं आमच्या चरख्यापेक्षा जास्त फिरते जी.”

शेवटी तिने आपल्या संगणकावर मार्का उघडून दाखवला. काकाजींनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “दाते उलटे झाले वं पोरी. करवत काठातून अंगात जाते, बाहेर नाही जात.” मार्क्यात दाते बाहेरच्या बाजूला होते, आणि सुबक दिसावेत म्हणून तिने त्यांची टोकेही गोल केली होती. काकाजींनी त्यावरही बोट ठेवले: “गोल दात्याची करवत लाकूड कापत नाही.” परीक्षकांपैकी एकाच्याही हे ध्यानात आले नव्हते, माझ्याही नाही. ती अकरा दिवस गावात राहिली आणि सगळे पुन्हा केले.

नव्या वहीचे पहिले पान म्हणजे मराठीतला एकच प्रश्न: ‘कशावर छापायचे आहे?’ खाली सहा मोठी बटणे: लेबल, बिल, पिशवी, फ्लेक्स, भिंत, व्हॉट्सॲप. ज्याचे जे काम, त्याने ते बटण दाबायचे. बाकीचे त्याला दिसतच नाही. छापील वहीत साठ पाने उलटावी लागतात, आणि उलटायचा कंटाळा आला की माणूस अंदाजाने काम करतो.

लेबल दाबले की वही रुंदी विचारते. मोठ्या मार्क्यात करवतीचे पाच दाते आहेत. पण एक सेंटिमीटरच्या लेबलावर पाच दाते छापले तर शाई पसरून त्यांचा चिखल होतो. म्हणून रुंदी ठरावीक मापाखाली गेली की वही आपोआप तीन दात्यांचा मार्का पुढे करते. मार्का एक, रूपे दोन, आणि कोणते कुठे हे वापरणाऱ्याने पाठ करण्याची गरज नाही.

भिंतीचे बटण मला फार आवडले. आपल्याकडे आजही पेंटर भिंतीवर हाताने लिहितो. तो संगणकाची फाइल घेऊन काय करणार? त्याच्यासाठी मार्का बारा आडव्या आणि आठ उभ्या चौकटींत बसवला आहे. भिंतीवर जागा किती फूट रुंद आहे तेवढे सांगायचे. सहा फूट म्हटले की वही सांगते: चौकट अर्ध्या फुटाची, उंची चार फूट. नऊ फूट म्हटले की चौकट नऊ इंचांची, उंची सहा फूट. मग कोणत्या चौकटीतून कोणती रेघ जाते, हे ठिपक्यांच्या रांगोळीसारखे एकेक करून दाखवते. पेंटरने खडूने चौकटी आखल्या की निम्मे काम झाले.

रंगाची गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे. मोबाइलच्या पडद्यावरचा रंग लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या मिश्रणातून होतो. छापखान्यातला रंग निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शायांतून होतो. प्रकाश मिसळला की उजेड वाढतो, शाई मिसळली की अंधार वाढतो. त्यामुळे पडद्यावर मधासारखा दिसणारा कोशाचा नैसर्गिक रंग कागदावर शेणकट उतरू शकतो, आणि तिच्या पहिल्या लेबलांचे तसेच झाले होते. आता वही कामाप्रमाणे रंगाचे आकडे देते: पडद्यासाठी वेगळे, शाईसाठी वेगळे. पेंटरला आकडा सांगून उपयोग नाही. त्याला ‘पिवळ्याच्या डब्यात तपकिरी किती’ असे सांगते. हे प्रमाण तिने गावच्या पेंटरला सोबत बसवून, डबे उघडून ठरवले.

आणखी एक बारकावा. अक्षर आणि त्यामागचा रंग यांत पुरेसा फरक हवा. हा फरक मोजता येतो. पांढऱ्यावर काळे म्हणजे २१ ला १. हा सर्वांत मोठा. इंटरनेटवरच्या लहान मजकुरासाठी तो निदान साडेचार ला १ असावा, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. पांढऱ्यावर मधाच्या रंगाची अक्षरे अडीचच्या आसपास भरतात. तरुण डोळ्यांना ती देखणी वाटतात, पण साठीच्या माणसाला वाचता येत नाहीत. वहीत कोणी असे दोन रंग निवडले तर ती सरळ म्हणते: ‘हे वाचता येणार नाही, अक्षर गडद करा.’

अक्षरांच्या बाबतीत मराठीचा स्वतःचा हिशेब आहे. इंग्रजी नियमवह्यांची नक्कल करणारे इथेच फसतात. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार असतो. खाली उकार लोंबतो. इंग्रजीच्या मापाने दोन ओळींत अंतर ठेवले तर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या उकाराला जाऊन धडकते. देवनागरीच्या मुद्राक्षरांवर बापूराव नाईक यांनी १९७१ साली मोठा ग्रंथ लिहिला, र. कृ. जोशी यांनी कॅलिग्राफीपासून संगणकापर्यंत या लिपीची आयुष्यभर सेवा केली. ती परंपरा आपल्याकडे आहे, तेव्हा उसने माप घेण्याचे कारण नाही. या वहीत ‘मुक्ता’ हे अक्षरवळण घेतले आहे. ते मुंबईच्या एक टाइप या गटाने केले असून सर्वांना विनामूल्य आहे. तरीही एका छापखान्यातून फोन आलाच: “मॅडम, तुमचं नाव आमच्या इथं वाकडंतिकडं खुलते.” जुने छापखाने अजून युनिकोडपूर्वीचे फाँट वापरतात. त्यांच्यासाठी तिने नावाची अक्षरे चित्र म्हणूनच दिली, म्हणजे फाँटचा प्रश्नच उरला नाही.

हे चित्रही दोन तऱ्हेचे असते. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो म्हणजे बारीक ठिपक्यांची गर्दी. तो फ्लेक्सवर ताणला की ठिपके सुटे होतात आणि चेहरा फाटतो. दुसरे चित्र रेघांचे. त्यात ‘इथून तिथपर्यंत अशी वळणदार रेघ ओढ’ एवढी सूचना साठवलेली असते, त्यामुळे ते शिक्क्याएवढे करा की भिंतीएवढे, धार तीच राहते. छापखान्याला नेहमी रेघांचे चित्र द्यावे. भोवतालच्या मोकळ्या जागेचाही नियम आहे: निदान एका दात्याच्या उंचीएवढी. वहीत तिला ‘श्वास’ म्हटले आहे. आपल्या फ्लेक्सांवर वाढदिवसाच्या शुभेच्छुकांची जी मांदियाळी असते, तिच्यात बिचाऱ्या मार्क्याचा श्वास कोंडतो, म्हणून हा नियम लाल अक्षरांत आहे!

सगळी वही मिळून आता दीड एमबीच्या आत आहे. एकदा उघडली की मोबाइलमध्ये साठून राहते आणि रेंज नसली तरी चालते. नाचणारे दाते गेले. ते काढताना तिला वाईट वाटले, हे मी पाहिले आहे.

इथे कोणी शहाणा विचारील, की मार्का असा सर्वांच्या हातात दिला तर नक्कल करणाऱ्याची सोयच झाली की! शंका रास्त आहे, आणि गटातल्या बायकांनी ती पहिल्याच बैठकीत काढली. तोड अशी निघाली, की वहीला दोन दारे ठेवायची. नियम सर्वांना खुले, कारण खरा मार्का कसा दिसतो हे गिऱ्हाइकाला कळलेच पाहिजे. छापायची फाइल मात्र गटाकडून परवलीचा शब्द घेतल्याशिवाय मिळत नाही, आणि प्रत्येक साडीच्या लेबलावर वेगळा क्रमांक असतो. गिऱ्हाइकाने तो क्रमांक वहीत टाकला की साडी कोणत्या महिन्यात मागावरून उतरली ते दिसते.

अर्थात नुसत्या परवलीच्या शब्दाने लबाड थांबत नाही; त्याला कायदा लागतो. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यात ‘सामूहिक चिन्ह’ म्हणून सोय आहे. ते एका दुकानदाराचे नसते, संघाचे असते. त्याच्या अर्जासोबत चिन्ह कोणी, कसे, कोणत्या अटींवर वापरायचे याचे नियम जोडावेच लागतात. म्हणजे नियमवही ही डिझाइनवाल्यांची चैन नाही, कायदाच ती मागतो. नोंदणी दहा वर्षांची असते आणि नूतनीकरण करता येते. याखेरीज भौगोलिक मानांकनाचा कायदा आहे. तोही १९९९ चा, पण अमलात आला २००३ साली, आणि त्याची नोंदणी चेन्नईच्या कार्यालयात होते. विदर्भाच्या करवत काठी साड्या आणि कापड यांची नोंद त्या यादीत आहे. मात्र हे मानांकन सगळ्या प्रदेशाचे. त्याचा लाभ घ्यायचा तर विणकराने स्वतःची ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करून घ्यावी लागते, आणि इथेच पुष्कळांची गाडी अडते. यादीत साडीचे नाव असते, विणणाऱ्याचे नसते. रेशमासाठी २००४ पासून सिल्क मार्क आहे, हातमागासाठी २००६ पासून हँडलूम मार्क आहे. ही सगळी लेबले एका साडीला लावली तर पदर दिसायचा नाही. म्हणून कोणते लेबल कुठे टाचायचे आणि गटाचा मार्का त्यांच्यापासून किती दूर ठेवायचा, याचेही एक चित्र वहीत आहे.

शिक्षकबंधूंना या विषयाचा वर्गात उपयोग करता येईल. आपल्या शाळेचे नाव फाटकावर, शिक्क्यावर, दाखल्यावर, खेळाच्या बनियनवर आणि वार्षिक संमेलनाच्या फ्लेक्सवर कसे लिहिले आहे, ते मुलांकडून उतरवून आणा आणि शेजारी शेजारी लावा. एका ठिकाणी ‘जि. प.’, दुसऱ्या ठिकाणी ‘जिल्हा परिषद’, तिसऱ्या ठिकाणी गावाचे नावच चुकलेले, असे निघाले नाही तर नवल. मग मुलांनीच एका पानाची नियमवही करावी आणि चौकटी आखून शाळेचे चिन्ह फळ्यावर दुप्पट, तिप्पट करून काढावे. गुणोत्तर-प्रमाणाचा धडा त्यात आपोआप होतो. हे काम मोठ्या माणसांचेच आहे, असेही समजू नये. १५ जुलै २०१० रोजी सरकारने स्वीकारलेले आपल्या रुपयाचे चिन्ह डी. उदयकुमार यांचे, आणि ते आयआयटी मुंबईत डिझाइन विषयात पीएच.डी. करीत होते.

त्या मुलीची वही अजून पुरी झालेली नाही. तिच्यात एक पान कोरे आहे. त्या पानाचा मथळा आहे: ‘हा मार्का कोणत्या कापडाला लावायचा नाही?’ यंत्रमागाचे कापड नको, छापील दाते नकोत, यावर सगळ्यांचे एकमत झाले. पण सध्या गावातला कोसा पुरत नाही, म्हणून काही मागांवर ताण्याला बाहेरून आलेले रेशीम आणि बाण्याला इथला कोसा, असे चालते. विणाई हाताची, दाते खरे, पण धागा निम्मा परका. त्या साडीला मार्का द्यायचा की नाही? तरुण विणकर म्हणतात, द्यावा. नाहीतर सणाच्या दिवसांत माग रिकामे राहतील. काकाजी म्हणतात, लेबलावर तसे लिहा आणि मग द्या. बायकांपैकी दोघी म्हणतात, दात्यांचा रंग बदलून दुसरा मार्का करा. मुलीला विचारले तर ती म्हणते, हे मी ठरवायचे नाही. दिवाळीनंतरच्या बैठकीत हा विषय पहिला घ्यायचा, असे ठरले आहे.